दोन दारं आपली, मधला कारभार पोटाचा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या कौटुंबिक स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



सचिवसाहेबांनी मला सांगितलं, "मॅडम, जेवणानंतर अर्धा तास तुमचा. आरोग्यावर बोला, पण लोकांना झोप येऊ देऊ नका." मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यातली पहिली अकरा वर्षं गडचिरोली जिल्ह्यात आणि पुढची इथे चंद्रपुरात. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला यायचा. त्यामुळे भरल्या पोटाच्या वर्गाला जागं ठेवायची मला सवय आहे.

आज तर सोयच झाली. प्रयोगाचं साहित्य मला आणावं लागलं नाही, ते तुमच्या पोटातच आहे. भात, वरण, पातोडीची रस्सा भाजी, पोळी, वरून दोन-दोन जिलब्या. काहींनी चार खाल्ल्या, मी पाहिलं आहे. हे जेवण आत्ता कुठे पोचलं, तिथे त्याचं काय चाललं आहे आणि उद्या सकाळपर्यंत त्याचं काय होणार, एवढंच मी सांगणार आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात धरून ठेवा. तोंडापासून गुदद्वारापर्यंतची आपली अन्नाची नळी सुमारे ९ मीटर, म्हणजे जवळपास तीस फूट लांब असते. या तीस फुटांत आपली मर्जी फक्त दोन ठिकाणी चालते, अगदी सुरुवातीला आणि अगदी शेवटी. घास चावायचा की नाही, गिळायचा की नाही, हे आपण ठरवतो. शेवटी संडासला आत्ता जायचं की नंतर, हे बऱ्याच अंशी आपण ठरवतो. मधलं काहीही आपल्याला विचारून होत नाही. आपण झोपतो, भांडतो, मालिका पाहतो आणि आतलं काम चालू असतं. या नळीच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं आहे. बराचसा कारभार ते डोक्यातल्या मेंदूला न विचारता चालवतं.

आपल्या सोसायटीचंच पाहा ना. गेट आपल्या ताब्यात. मागचा ड्रेनेजचा चेंबर साफ ठेवणं आपल्या हातात. मधला पंप, टाकी, पाईप भिंतीतून आपापलं काम करत असतात. गेटवर दुर्लक्ष झालं किंवा चेंबर तुंबला, की मात्र सगळ्या मजल्यांना कळतं.

आता पहिल्या दाराकडे वळू.

पचन पोटात सुरू होतं असं अनेकांना वाटतं. ते तोंडात सुरू होतं. आपल्या तोंडात दिवसाला साधारण एक ते दीड लिटर लाळ तयार होते. लाळेत अमायलेज नावाचं विकर असतं. भातातला, पोळीतला पिष्टमय पदार्थ तोडून त्याची साखर करायला ते लगेच सुरुवात करतं. मुलांनो, उद्या घरी हा प्रयोग करा. साध्या भाताचा एक घास घ्या, त्यावर वरण नको, मीठ नको. तो मनातल्या मनात साठ आकडे मोजेपर्यंत चावत राहा. भात हळूहळू गोड लागायला लागेल. कोणी साखर घातली? तुमच्याच लाळेने. माझ्या वर्गात हा प्रयोग सर्वांना आवडायचा, कारण वर्गात बसून खायची तेवढी एकच अधिकृत परवानगी असायची.

आता प्रामाणिकपणे सांगा, आज किती जणांनी घास असा चावला? आपल्याकडे कोणी थर्मलमध्ये, कोणी वेकोलिच्या खाणीत, कोणी वनखात्यात, कोणी बल्लारपूरला पेपर मिलमध्ये. शिफ्टची गाडी गाठायची, म्हणून एक पोळी तीन घासांत संपते. दात फक्त तोंडात आहेत, पुढच्या तीस फुटांत एकही दात नाही. तोंडाने सोडून दिलेलं काम पुढे जठराला जास्त वेळ घोटत बसावं लागतं.

घास गिळला की श्वासनलिकेवर एक छोटं झाकण पडतं आणि घास मागच्या अन्ननलिकेत जातो. जेवताना बोललो, हसलो की ठसका लागतो तो या झाकणाची वेळ चुकल्यामुळे. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब. घास तिच्यातून नुसता खाली पडत नाही. नळीचे स्नायू मागून आवळत आणि पुढून सैल होत त्याला ढकलत नेतात. म्हणून आडवं पडूनही पाणी गिळता येतं. आठ-दहा सेकंदांत घास जठरात पोचतो.

जठर म्हणजे आपण ज्याला पोट म्हणतो ती पिशवी. तुमचं जेवण आत्ता इथे आहे. इथे हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, तेच आपण शाळेच्या प्रयोगशाळेत कुलपात ठेवायचो. त्याच्या जोडीला प्रथिनं तोडणारं पेप्सिन. डाळीतलं, बेसनातलं प्रथिन आत्ता तिथे तुटायला लागलं आहे. जठर स्वतःच कसं जळत नाही? त्याच्या आतल्या बाजूला चिकट स्रावाचा थर असतो आणि अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात. आपल्याला इमारतीला रंग द्यायला पाच-पाच वर्षं लागतात. ठरावही मंजूर व्हावा लागतो!

आत काय चालतं हे माणसाला पहिल्यांदा नीट कसं कळलं, त्याची गोष्ट मजेदार आहे. १८२२ साली अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण मजुराला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. विल्यम ब्युमाँट या लष्करी डॉक्टरने त्याला वाचवलं, पण त्याच्या पोटावरचं भोक बुजलंच नाही. थेट जठरात उघडणारी खिडकीच तयार झाली. डॉक्टरने रेशमी दोऱ्याला मांसाचे, भाजीचे तुकडे बांधून आत सोडले आणि ठरावीक वेळाने ओढून पाहिले. वर्षानुवर्षं ही निरीक्षणं करून त्याने १८३३ साली पुस्तक लिहिलं. त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. अन्न बारीक असेल तर ते लवकर पचतं, आणि माणूस चिडलेला असेल तर पचन बिघडतं. आपल्या आया जेवताना भांडू देत नाहीत, त्या काही पुस्तक वाचून सांगत नाहीत. पण त्यांचं म्हणणं खरं आहे.

जठरातून जेवण दोन ते चार तासांत थोडं-थोडं पुढे जातं. तळलेलं, तुपकट असेल तर आणखी उशिरा. रात्री हे काम सावकाश चालतं. म्हणून नाईट शिफ्टला रात्री दोन वाजता भजी आणि चहा घेणाऱ्या भावांना सकाळी छातीत जळजळ होते. डबा हलका न्या, जेवून लगेच आडवे होऊ नका. पण पोटाच्या प्रत्येक दुखण्याला "तिखट खाल्लं" किंवा "टेन्शन आहे" म्हणून सोडूनही देऊ नका. जठरातल्या अल्सरला जग अनेक वर्षं तिखट आणि टेन्शनच जबाबदार धरत होतं. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिलं, की पुष्कळदा त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो. लोक मानेनात, म्हणून मार्शल यांनी १९८४ साली त्या जिवाणूंचं द्रावण स्वतः पिऊन स्वतःला आजारी पाडलं. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. सांगायचं ते असं, की महिनोन्‌महिने पावडरी आणि गोळ्या मनाने घेत बसू नका. गिळायला त्रास होणं, वजन आपोआप कमी होणं, काळी किंवा रक्ताची शौच होणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरकडे जा.

आता लहान आतडं. नाव लहान, पण लांबी सुमारे सहा मीटर. खरं पचन आणि खरं शोषण इथेच होतं. स्वादुपिंडाचा रस इथे येतो आणि पिष्ट, प्रथिनं, चरबी या तिघांनाही तोडतो. यकृतात तयार झालेलं पित्त येतं आणि तेलातुपाचे बारीक थेंब करतं, जसं भांड्याच्या साबणाने तेलकट कढईचं होतं तसं. आतड्याची आतली बाजू मखमलीसारखी असते, असंख्य बारीक उंचवट्यांची. साखर, प्रथिनांचे तुकडे, क्षार हे सगळं या उंचवट्यांतून रक्तात जातं. पचननळीची आतली बाजू उलगडून पसरली, तर अलीकडच्या मोजणीप्रमाणे ती साधारण ३२ चौरस मीटर भरते. म्हणजे जवळजवळ साडेतीनशे चौरस फूट. बिल्डरच्या भाषेत एक वन आरके! प्रत्येकाच्या पोटात एक वन आरके आहे, त्याला ना मेंटेनन्स ना पार्किंगचा वाद.

या वन आरकेला एक मर्यादा मात्र आहे. आत आलेलं चांगलं की वाईट, याची तो फारशी चौकशी करत नाही. उलटी-जुलाब करून काही वेळा बाहेर टाकतो, पण गुपचूप येणारं विष सरळ रक्तात जाऊ देतो. आपल्या भागाला हे फार चांगलं ठाऊक आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांत धान निघाल्यावर लाखोळी होते. डाळ चवीला चांगली, बिनपाण्याने येणारी, गरिबाची. पण दुष्काळात, दुसरं काही मिळेना म्हणून महिनोन्‌महिने मुख्यतः लाखोळीच खाल्ली, तेव्हा काहींचे पाय लुळे पडले. तिच्यातलं विष पोटाला कळत नाही, आतडं ते शोषून घेतं आणि ते जाऊन मज्जासंस्थेला धरतं. म्हणूनच १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. हे विष पाण्यात विरघळतं. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की त्याचा पुष्कळसा भाग जातो. पुढे कमी विषारी वाणही तयार झाले.

गडचिरोलीत नवीन असताना मी एकदा पावसाळ्यात बाजारातून वास्ते आणले, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. शेजारच्या आत्याबाईंनी मला सांगितलं, "बाई, कापून पाण्यात ठेव, मंग उकळ, अन् ते पाणी फेकून दे. तसेच नोको खाऊ." कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारे पदार्थ असतात, हे मी पुढे वाचलं. आत्याबाईंना रसायनाचं नाव माहीत नव्हतं, पण आतडं चौकशी करत नाही, चौकशी चुलीपाशीच करायची, हे पक्कं माहीत होतं. पहिल्या दारावरचा पहारा म्हणतात तो हाच.

दारूचंही तसंच. तिला पचवावं लागत नाही, ती जठरातून आणि आतड्यातून सरळ रक्तात जाते आणि निस्तरायचं काम यकृताच्या गळ्यात पडतं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०१५ ला ती आली आणि २०२१ मध्ये उठली. पण वैनगंगेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, यकृताला जिल्ह्याची हद्द कळत नाही.

आता पाण्याचा हिशेब. खजिनदारांनी जरा लक्ष द्यावं, असा ताळेबंद तुम्ही पाहिला नसेल. दिवसभरात आपण पितो-खातो त्यातून सुमारे दोन लिटर पाणी पोटात जातं. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस मिळून आणखी सुमारे सात लिटर शरीर स्वतःच आत ओततं. एकूण जमा नऊ लिटर. शौचावाटे खर्च फक्त शंभर ते दोनशे मिलिलिटर. बाकी सगळं पाणी आतडी परत घेतात. इतका काटेकोर कारभार!

जुलाब म्हणजे हा हिशेब एका दिवसात कोसळणं. परत घ्यायचं पाणी परत घेतलं जात नाही, वाहून जातं. मोठा माणूस थोडा तग धरतो, लहान मूल काही तासांत कोमेजतं. आपल्या चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा ४५च्या वर, अंगातलं पाणी आधीच घामाने गेलेलं. चैत्रात महाकालीची यात्रा, लांबून चालत आलेली माणसं. त्याच दिवसांत गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे घरातून निघालेली बाई पाठीशी मूल बांधून पानं तोडते, नाल्यातलं पाणी पिते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा धाकटा भाऊ अशाच हंगामात गेला. सकाळी जुलाब सुरू झाले, घरच्यांनी त्याचं पाणी बंद केलं. पाणी दिलं की जुलाब वाढतात, असं त्यांना वाटलं. संध्याकाळी मूल संपलं होतं.

त्याला वाचवू शकणाऱ्या वस्तू त्या घरात होत्या. साखर, मीठ आणि चूल. जुलाबातही आतड्याचं एक दार सहसा उघडं राहतं. साखर आणि मीठ जोडीने आले की आतडं त्यांना आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणी आत ओढलं जातं. एकटं पाणी नीट जात नाही, जोडीबरोबर जातं. हे ज्ञान आधी प्रयोगशाळेत होतं. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली. सलाईन कमी पडायला लागलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि पाजायला सांगितलं. मृत्यू झपाट्याने कमी झाले. आज औषधाच्या दुकानात ओआरएसची पुडी मिळते ती त्याच वाटेने आलेली आहे.

पुडी नसेल तर लिहून घ्या. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चव आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. मीठ जास्त झालं तर ते पाणी फेकून पुन्हा करा. घोट-घोट पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करू नका. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचात रक्त दिसलं, तर पाजत-पाजतच दवाखान्यात न्या. आपल्या चारही विंगच्या जिन्यात हे लिहून लावावं, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. आपल्या घरी वाचता येतं, पण कामाला येणाऱ्या ताईंच्या वस्तीपर्यंत ते आपल्यालाच पोचवावं लागेल.

उरलेला चोथा आणि थोडं पाणी मोठ्या आतड्यात जातं. हे दीड मीटर लांब. इथे भाडेकरू राहतात. जिवाणूंची संख्या सुमारे ३८ लाख कोटी धरली जाते, साधारण आपल्या शरीराच्या पेशींइतकीच. बहुतेक भाडेकरू सज्जन आहेत. आपल्याला न पचलेला चोथा ते खातात आणि बदल्यात आतड्याच्या पेशींना लागणारं खाद्य व काही जीवनसत्त्वं देतात. भाडं वेळेवर! पण त्यांना चोथा हवा, आणि तो मैद्याच्या बिस्किटात नसतो. पावसाळ्याच्या तोंडाला निघणाऱ्या तरोट्यात असतो, अंबाडीत, पोपटीच्या दाण्यांत, ज्वारीच्या भाकरीत असतो. आपल्या आज्या उन्हाळ्यात आंबवलेली आंबील द्यायच्या, तीही पोटाला मानवते. आता बंगल्याच्या कुंपणाशी तरोटा उगवला की आपण माळ्याला सांगतो, कचरा काढून टाक. पाहा बाप्पा!

आता दुसरं दार. यावर सभेत कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. शौच साठली की मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक मेंदूला निरोप पाठवतं. आपण "नंतर" म्हटलं की निरोप काही वेळाने विरतो. तोवर आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, शौच घट्ट होते. रोज असं केलं की निरोपच क्षीण होतो. बद्धकोष्ठ, मूळव्याध, भेगा यांचा मोठा भाग या "नंतर"मधून येतो. सकाळी चहा-नाश्त्यानंतर आतडं आपोआप हलतं, ती वेळ राखा. कमोडवर बसणाऱ्यांनी पायाखाली छोटा पाट घेतला, की उकिडवं बसल्यासारखी नळी सरळ होते.

पण कितीतरी लोकांना "नंतर" म्हणायची हौस नसते, त्यांना जायला जागाच नसते. शाळेत मी पाहिलं आहे, स्वच्छतागृहाला दार नाही म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नसत. आणि इथे आपल्याकडे? सकाळी सातला आलेल्या कामवाल्या ताई दोन वाजेपर्यंत चार घरं करतात. वॉचमन भाऊ बारा तास गेटवर असतात. क्लब हाऊसच्या मागे त्यांच्यासाठी बांधलेलं स्वच्छतागृह आहे. आपण त्यात गणपतीच्या मंडपाचे बांबू आणि मोडक्या खुर्च्या भरून कुलूप लावलं आहे. रौप्यमहोत्सवाच्या निधीतून कमान करायची की कारंजं, यावर दोन सभा झाल्या. मी म्हणते, आधी ते कुलूप काढा. नळ द्या, आतून कडी बसवा.

आता पुन्हा पहिल्या दाराशी येते, कारण खरी चिंता मला तिथलीच आहे. मुलांनो, आता सगळे एक प्रयोग करा. मोठ्यांनीही करा. हाताची मधली तीन बोटं एकमेकांना चिकटवून उभी धरा आणि वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. गेली? छान. साधारणपणे तीन बोटं जायला हवीत. ज्यांची दोनच गेली, त्यांनी हसण्यावारी नेऊ नका. त्यांना बहुधा त्याचं कारणही माहीत आहे. ते खिशात पन्नीत गुंडाळलेलं आहे.

खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेला. गुटख्यावर २०१२ साली राज्यात बंदी आली, पण खर्रा कोपऱ्यावर घोटून मिळतच राहिला. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियान दारू आणि तंबाखूविरुद्ध काम करतं आहे, गावोगावी बाया त्यात पुढे आहेत. कित्येकांना वाटतं तंबाखू वाईट, नुसती सुपारी चालते. तसं नाही. सुपारी स्वतःच कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली जाहीर केलं आहे. सुपारीने गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली तंतू तयार होतात. आधी तिखट झोंबतं. मग गालाची आतली बाजू पांढरट, चिवट होते. मग तोंड उघडणं कमी होतं. तीन बोटांचं दोन, दोनाचं एक. गेलेली लवचीकता पूर्ण परत येत नाही आणि त्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो.

माझ्या शाळेत गणिताचे एक सर होते. आवाज असा, की शेजारच्या वर्गातली मुलं त्यांचे पाढे ऐकून पाठ करायची. चाळिशीत त्यांना तिखट झोंबायला लागलं. त्यांनी तिखट सोडलं, खर्रा सोडला नाही. दोन वर्षांत तोंड एका बोटाएवढं उरलं. हुरड्याच्या पार्टीत सगळे खात होते, सर बाजूला बसून ताक पीत होते. घरी त्यांच्या मिसेस भात-वरण मिक्सरमधून काढून द्यायच्या. नागपूरला शस्त्रक्रिया झाली, व्यायाम झाले, थोडं उघडलं. पाढ्यांचा आवाज गेला तो गेलाच. त्यांचं जठर ठणठणीत होतं, यकृत उत्तम, सहा मीटर आतडं कामाला तयार. तीस फुटांची आखी व्यवस्था चालू होती आणि पहिलंच दार बंद पडलं होतं.

आपल्या सोसायटीची मागची भिंत, पार्किंगचा कोपरा आणि तिसऱ्या विंगच्या जिन्याचं वळण मी रोज पाहते. लाल पिचकाऱ्या आहेत, रिकाम्या पन्न्या आहेत. आता त्या पन्न्या नववी-दहावीच्या मुलांच्या क्रिकेटच्या जागेपाशीही दिसतात. मी कोणाचं नाव घेणार नाही, आणि पोरांना रागावणारही नाही. घरातला मोठा माणूस ज्या पोराला "जा रे, एक खर्रा घेऊन ये" म्हणून पाठवतो, त्या पोराला मी कोणत्या तोंडाने रागवू? जो सोडायला तयार आहे त्याने मला भेटावं, मी सोबत दंतवैद्यांकडे येईन. आणि निदान आजपासून लहान मुलाच्या हातून खर्रा मागवायचा नाही, एवढं तरी प्रत्येक घराने ठरवावं. त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव लागत नाही.

माझा अर्धा तास संपला. तुमच्या जिलब्यांची साखर आता रक्तात पोचायला लागली असेल, पातोडी अजून जठरात फिरत असेल. त्यांची काळजी करू नका, मधला कारभार नीट चालेल. आपण आपली दोन दारं सांभाळू, आपली आणि आपल्या गेटातून रोज आत येणाऱ्यांचीही.

तुम्ही शांतपणे ऐकलंत, शेवटच्या रांगेतले दोन काका सोडले तर कोणी झोपलं नाही, याबद्दल मी आभारी आहे. पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो. पुढचीही राहू, आणि चांगलं चावून जेवू.